कुलपातला पुरावा

"तो पुरावा तेवढा उघडून द्याल का हो?" सासूबाईंनी विचारलं, तेव्हा जावई ओट्यापाशी उभा राहून कप विसळत होता. त्याने नळ बंद केला. अण्णांना, म्हणजे त्याच्या सासऱ्यांना, जाऊन दोन महिने होत आले होते. तेव्हापासून तो आणि त्याची बायको इथेच राहत होते, आणि या दोन महिन्यांत सासूबाईंनी कुणाकडे काही म्हणून मागितलं नव्हतं. वाढलं की जेवायच्या, बस म्हटलं की बसायच्या. आज पहिल्यांदा त्यांनी आपणहून काही मागितलं, आणि मागितलं ते हे.

पुरावा म्हणजे काय ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. अण्णांचा आणि सासूबाईंचा संसार तसा सुखाचा झाला, एक वाद सोडला तर. झोपेत घोरतं कोण, हा तो वाद. अण्णा म्हणायचे, तू. सासूबाई म्हणायच्या, तुम्ही. मुलगी झाली, शिकली, तिचं लग्न झालं, तरी वाद आपला जिथल्या तिथे. निवृत्त झाल्यावर अण्णांनी एकदा जेवताना जाहीर केलं, "मी रेकॉर्डिंग केलंय. सबळ पुरावा आहे. पण आत्ता मिळणार नाही. ही पुसून टाकेल. कुलपात ठेवलाय." त्यानंतर कुणी "दाखवा की" म्हटलं की अण्णा गालातल्या गालात हसायचे आणि म्हणायचे, "योग्य वेळी." ती योग्य वेळ काही आली नाही.

"मला काही घोरणं ऐकायचं नाहीये," सासूबाई म्हणाल्या. "मी घोरतच नाही, ऐकायचं काय त्यात. पण सुरुवातीला काहीतरी बोलले असतीलच ना. गप्प बसून पुरावा गोळा करणारा माणूस नव्हता तो."

अण्णांचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. उभा जन्म टेलिफोन खात्यात काढलेला हा माणूस स्वतः फोनवर 'पोचलो' आणि 'ठेवतो' यापलीकडे बोलत नसे. घरातले सगळे व्हिडिओ त्यांनीच काढलेले, त्यामुळे व्हिडिओत ते सोडून सगळे. आणि कॅमेऱ्यामागे तोंड घट्ट मिटून उभे राहायचे, कारण मधे बोललं की चित्र हलतं, असं त्यांचं ठाम मत होतं.

"झोप लागत नाही हो," सासूबाई पुढे म्हणाल्या. "खोली फार गप्प झालीय."

"आई, त्यात काय एवढं," जावई म्हणाला. "पाच मिनिटांचं काम आहे."

हे वाक्य तो ऑफिसातही बोलायचा, आणि त्यानंतर ऑफिसात काय व्हायचं ते इथे सांगण्यात अर्थ नाही. जावई कॉम्प्युटरवाला होता हे खरं. पण तो मोबाइलवरच्या दुकानांची बटणं करायचा. बटण कुठे असावं, कोणत्या रंगाचं असावं, दाबल्यावर किती दबावं, याचा त्याला दांडगा अनुभव होता. अण्णांनी त्याचं नाव 'बटणवाले' असं ठेवलं होतं आणि तोंडावरही तेच म्हणत. अण्णा स्वतः निवृत्तीनंतर पुस्तकं आणून प्रोग्रॅम लिहायला शिकलेले, तेही जुन्या, कडक भाषेत, जिथे बटणं नसतात.

या गृहस्थाचा तयार मालावर विश्वासच नव्हता. घराची बेलसुद्धा त्यांनी स्वतः केलेली. ती दोनदा दाबल्याशिवाय वाजायची नाही. एकदा दाबून ताटकळत उभा राहतो तो परका, असा त्यांचा हिशेब. तसंच फायली बंद करून ठेवायला त्यांनी स्वतःचा प्रोग्रॅम लिहिला होता आणि त्याचं नाव 'कुलूप' ठेवलं होतं. फक्त आतलं अवघड गणित तेवढं त्यांनी एका सुरक्षा लायब्ररीतून घेतलं होतं. ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. जाणकारांनी करून ठेवलेल्या तयार कामांचं ते एक गाठोडं असतं. ज्याला जे लागेल ते त्याने त्यातून घ्यावं. "दार माझं, गणित त्यांचं," अण्णा म्हणायचे. "गणितात मी चुकतो."

जावयाने अण्णांच्या टेबलापाशी जाऊन कॉम्प्युटरवरचं कापड काढलं. ते सासूबाईंनीच शिवलेलं होतं, कडेला बारीक टीप घालून. त्याने 'कुलूप' चालू केलं.

"पासवर्ड माझ्या माहेरचा जुना फोन नंबर," सासूबाई मागून म्हणाल्या. "सगळ्याला तोच असायचा." तो फोन बसवायला अण्णाच गेले होते, आणि बसवल्यावर तो नीट चालतोय ना, हे बघायला पुढे वर्षभर जात राहिले होते. त्यातूनच सगळं जमलं.

पण पासवर्डपर्यंत गोष्ट पोचलीच नाही. 'कुलूप' म्हणालं, मला लागते ती लायब्ररी या मशीनवर नाही.

ती लायब्ररी कुठे गेली हे जावयाला, आणि फक्त त्यालाच, माहीत होतं. मागच्याच महिन्यात, लेक कामावर असताना सासूबाईंना तिच्याशी व्हिडिओवर बोलता यावं म्हणून त्याने हे मशीन मोठ्या प्रेमाने अपडेट केलं होतं. जुनी लायब्ररी गेली, नवी आली. त्या दिवशी सासूबाईंनी त्याला दोनदा चहा दिला होता.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. नव्याने बांधावं लागेल जरा," जावई म्हणाला. 'जरा' हा शब्द त्याने स्वतःला धीर द्यायला घातला होता.

अण्णांनी लिहिलेला मूळ मजकूर शाबूत होता. तो पुन्हा बांधला की नवं 'कुलूप' तयार, असा जावयाचा सरळ विचार. बांधण्याआधी जुनं झाडून घ्यावं म्हणून त्याने 'साफ कर' अशी आज्ञा दिली. मशीनने साफ केलं. म्हणजे अण्णांच्या हातचं, जगातलं एकुलतं एक तयार 'कुलूप' पुसून टाकलं. मग बांधायच्या आज्ञांची फाइल त्याने उघडली, तर तीही कशीतरीच लिहिलेली. लायब्ररीचं नाव ओळीच्या अगदी शेवटी कुठेतरी लोंबकळत होतं. बटणवाल्याला नीटनेटकेपणाची सवय. आधी सामान, मग काम, असा विचार करून त्याने ते नाव उचललं आणि ओळीच्या सुरुवातीला आणून बसवलं. ओळ कशी छान दिसायला लागली.

आता प्रोग्रॅम बांधायचं काम दोन टप्प्यांत होतं. पहिला टप्पा लिहिलेलं वाचून त्याचे सुटे भाग करतो. दुसरा टप्पा लिंकरचा. लिंकर ते भाग एकमेकांना जोडतो. कुणाला काय लागतं आणि ते कुणाकडे आहे, हे बघून तारा जुळवतो. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पूर्वी माणसं करायची तेच हे काम. म्हणूनच अण्णांना लिंकर मनापासून आवडायचा. "या की एखाद्या रविवारी," ते जावयाला म्हणायचे. "लिंकर दाखवतो. आपल्यातलाच माणूस आहे." आणि जावई म्हणायचा, "पुढच्या रविवारी नक्की, अण्णा."

पहिला टप्पा सुरळीत पार पडला. लिंकरपाशी घोडं अडलं. अमुक सापडत नाही, तमुक सापडत नाही, ढमुकचा पत्ता नाही, अशी तक्रारींची रांगच लागली. स्क्रीन भरली, वर सरकली, पुन्हा भरली.

"एवढं सगळं हरवलंय?" सासूबाई हळूच म्हणाल्या.

"हरवलं नाही, आई. त्याला दिसत नाहीये."

नव्या लायब्ररीत जुनी नावं नसणार, असं जावयाने ताडलं, आणि ते बरोबरही होतं. म्हणून त्याने जुन्या लायब्ररीचा मजकूर शोधून आणला, ती बांधली, आणि लिंकरच्या पुढ्यात ठेवली. गाठोडं समोर होतं. त्यात हवी ती प्रत्येक गोष्ट होती. जावयाने ती स्वतः उघडून, एकेक नाव वाचून पाहिली. लिंकर म्हणाला, सापडत नाही.

माणूस इथे थांबला असता तर बरं झालं असतं. पण जावयाला वाटलं, नवी लायब्ररी मधे कडमडतेय. तिला हाकलून तिच्या जागी ही जुनीच बसवली की लिंकर निमूटपणे घेईल. त्याआधी अण्णांचा सगळा फोल्डर पुराव्यासकट एका पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायचं शहाणपण तेवढं त्याला सुचलं. मग त्याने नवीला हाकललं, जुनीला बसवलं, आणि तेव्हा त्याला कळलं की त्या मशीनवरचे निम्मे प्रोग्रॅम नवीच्याच जिवावर जगत होते. इंटरनेट गेलं. अपडेट गेलं. बंद करून चालू केल्यावर काळ्या पडद्यावर एक ओळ लुकलुकली आणि मशीन कुणालाच आत घेईना.

संध्याकाळी बायको कामावरून आली. तिने बेल दोनदा वाजवली, आत आली, वडिलांच्या टेबलाकडे बघितलं.

"काय केलंस तू?"

"मशीनमध्ये बिघाड आहे."

"मशीनमध्ये? सकाळी चालत होतं."

जावयाने सगळं सांगितलं. अपडेटचंही सांगितलं. बायकोने कॉम्प्युटरवरून काढलेलं कापड उचलून त्याची घडी केली. मग एवढंच म्हणाली, "आईला यातलं काही सांगू नकोस. ती तुलाच समजावत बसेल."

दुसऱ्या दिवसापासून त्याने ऑफिसचा लॅपटॉप घेतला आणि पेनड्राइव्हवरचं सगळं त्यावर उतरवलं. पुन्हा जुनी लायब्ररी बांधली, पुन्हा तीच नीटनेटकी ओळ, पुन्हा तोच लिंकर, पुन्हा तीच रांग. सासूबाई दारात येऊन "झालं का?" विचारायच्या, तो "होतंय" म्हणायचा. दोन दिवसांनी त्यांनी विचारणं सोडलं. तिसऱ्या दिवशी त्या आत आल्या, अण्णांच्या मेलेल्या कॉम्प्युटरवर कापड पांघरलं, चारी कोपरे ओढून नीट केले आणि म्हणाल्या, "राहू द्या हो आता. तुमचं ऑफिस आहे, कामं आहेत. एवढं काही नाही त्याचं."

जावयाला वाटलं, याच्यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं. अण्णांना कुणी वाचवू शकलं नसतं, डॉक्टरांनीच हात टेकले होते. पण आवाज तरी राहिला होता. तो आपण घालवला, चांगलं करायला जाऊन घालवला, हे त्याच्या मनातून जाईना. त्याला रडू आलं. पण सासूबाईंसमोर जावयाने रडायचं कसं, म्हणून तो स्क्रीनजवळ तोंड नेऊन काहीतरी वाचत असल्यासारखा बसला.

तेवढ्यात स्क्रीनवर लाल पट्टी आली आणि लॅपटॉप आपोआप बंद झाला. पाठोपाठ फोन वाजला. ऑफिसात सगळ्यांच्या मशीनवर नजर ठेवणारा एक सहकारी होता, त्याला सगळे 'दरवान' म्हणत. हा माणूस स्वतःच्या वाढदिवसाचा केकसुद्धा डब्याचं झाकण दोनदा तपासून खाणारा.

"तुझ्या लॅपटॉपवर एक फार जुनी सुरक्षा लायब्ररी सापडलीय," दरवान म्हणाला. "तिला ठिकठिकाणी भोकं आहेत. कुणी टाकली?"

"मीच."

"का?"

"तिच्याशी एक प्रोग्रॅम जोडायचाय."

"अरे, ती सुरक्षित नाही. आत कुणीही शिरेल."

"शिरू दे," जावई म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "मला सुरक्षित काही नकोच आहे रे. मला माझ्या सासऱ्यांचा आवाज हवाय."

"सांग नीट," दरवान म्हणाला. जावयाने सांगितलं. पुराव्याचं, घोरण्याचं, खोली गप्प झाल्याचं, सगळंच. शेवटी दरवानाने विचारलं, "लिंकरला जी ओळ देतोस ती वाचून दाखव." जावयाने पाठ झालेली ओळ म्हणून दाखवली.

"लायब्ररी आधी का ठेवलीस?"

"म्हणजे?"

"लिंकर एका टोकापासून निघतो आणि एकदाच जातो. मागे वळून बघत नाही. तो तुझ्या लायब्ररीपाशी आला तेव्हा कुणी काही मागितलंच नव्हतं. म्हणून त्याने काही घेतलं नाही आणि पुढे गेला. मग तुझ्या सासऱ्यांचा कोड आला. त्याला हे हवं, ते हवं. पण तोवर लायब्ररी मागे राहिली. मागणारा आधी लिही, देणारा शेवटी. बस, एवढंच."

जावयाने कपाळावर हात मारला. अण्णांनी ते नाव शेवटी ठेवलं होतं. ते लोंबकळत नव्हतं, ते जागेवर होतं. म्हणजे पहिल्याच दिवशी, पहिल्याच तासात, सगळं सामान घरात आलेलं होतं, आणि पुढचा सगळा विध्वंस एका सुंदर दिसणाऱ्या ओळीपायी झाला.

"आत्ता तुझा लॅपटॉप उघडून देतो, संध्याकाळपर्यंत उघडा राहील," दरवान म्हणाला. "तोवर मी तुझ्याकडे बघितलेलं नाही. नंतर ती लायब्ररी काढून टाक. आणि ऐक." तो अडखळला. "उघडलं तर सांग मला."

फोन ठेवल्यावर जावई लगेच कामाला लागला नाही. मागे वळून न बघता पुढे गेलेला तो लिंकर त्याच्या डोक्यातून हलेना. रविवारी अण्णा बोलवायचे तेव्हा आपल्याला काही लागत नव्हतं, म्हणून आपण काही घेतलं नाही. आता लागतंय तर ते मागे राहिले. त्याने डोळे पुसले आणि लायब्ररीचं नाव उचलून अण्णांनी ठेवलं होतं तिथे, ओळीच्या शेवटी, परत नेऊन ठेवलं.

लिंकर एक अक्षर न बोलता जोडून मोकळा झाला.

"आई," त्याने हाक मारली. "या जरा."

दुपार होती. सासूबाई पदराला हात पुसत आल्या आणि अण्णांच्या आरामखुर्चीत टेकल्या. त्यांनी आपल्या माहेरचा नंबर एकेक आकडा करत सांगितला. कुलूप उघडलं. आधी खरखर झाली, मग कुणीतरी माइकपाशी तोंड आणल्यासारखं वाटलं, आणि अण्णा दबक्या आवाजात म्हणाले, "आता ऐका. उगाच मला नावं ठेवते."

सासूबाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "हाच," त्या म्हणाल्या. "असंच बोलायचे." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

मग घोरणं सुरू झालं. एका लयीत, खालच्या पट्टीत, भरदार. सासूबाईंनी ते लक्षपूर्वक ऐकलं.

"हे मी नव्हे," त्या म्हणाल्या.

खरं तर आवाज सरळसरळ त्यांचाच होता. पण थोड्या वेळाने त्यात दुसरा आवाज मिसळला. आधी शिट्टी वाजल्यासारखा, मग चांगला करवतीसारखा. पुरावा गोळा करता करता अण्णांना झोप लागली होती. आता दोघंही घोरत होते; एक थांबलं की दुसरं उचलून धरत होतं. जावयाला एकदम उमगलं, की ती योग्य वेळ इतकी वर्षं का आली नाही. पुराव्याने दोघांनाही दोषी ठरवलं होतं, आणि अण्णांनी तो मुकाट्याने कुलपात घातला होता.

"बंद करू का?" त्याने विचारलं.

"नको. राहू दे," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी मान मागे टेकली, डोळे मिटले. बघता बघता खुर्चीतून तिसरं घोरणं सुरू झालं. दोन महिन्यांत त्या पहिल्यांदा अशा गाढ झोपल्या होत्या. जावई हलला तर खुर्ची करकरेल म्हणून होता तसाच बसून राहिला.

रेकॉर्डिंग संपत आलं तेव्हा करवत अचानक थांबली. अण्णा जागे झाले होते. खोकले. आपल्याच घोरण्याने जाग आली असावी, कारण मग पुटपुटले, "अरे, माझंही आलं की यात. हे कापायला पाहिजे. बटणवाल्यांना सांगतो, त्यांना बरोबर जमेल." जरा थांबून पुन्हा म्हणाले, "नको. पोरगा हुशार आहे, पण हसेल." मग खट्ट झालं आणि संपलं.

जावई त्या रिकाम्या स्क्रीनकडे बघत बसला. 'त्यांना बरोबर जमेल' हे अण्णा त्याच्या तोंडावर कधीच म्हणाले नव्हते. एकदा जरी म्हणाले असते, तर तो धावत आला असता. आणि तो एका रविवारी जरी आला असता, तर त्यांनी म्हटलंही असतं. आता हे कुणाला सांगायचं?

खोली गप्प झाली तशी खुर्चीतली लय अडखळली, सासूबाई चुळबुळल्या. जावयाने घाईघाईने रेकॉर्डिंग पुन्हा सुरुवातीपासून लावलं, 'पुन्हा पुन्हा वाजव' असं बटण होतं ते दाबलं, आणि पाय न वाजवता बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

संध्याकाळी बेल दोनदा वाजली. दारात बायको होती. आत पाऊल टाकताच ती थबकली. बंद दारापलीकडून तिच्या आईचं घोरणं येत होतं, आणि पाठोपाठ, स्पष्ट, तिच्या वडिलांचं. लहानपणी शेजारच्या खोलीत झोपून तिने ते रोज रात्री ऐकलं होतं. तिच्या हातातली पिशवी खाली गेली. ती भिंतीला टेकून तिथेच जमिनीवर बसली आणि तोंडावर पदर धरून रडली. जावई तिच्या शेजारी बसला. दोघं बराच वेळ ऐकत राहिले.

"मग?" शेवटी तिने नाक पुसत विचारलं. "घोरत होतं कोण?"

"निकाल लागलेला नाही," जावई हळू आवाजात म्हणाला. "सुनावणी चालू आहे."